पंगत उठल्याची तारीख

माझ्या प्रश्नावलीतला एकोणिसावा प्रश्न असा होता : ‘संप संपल्यानंतर तुमच्या खानावळीत जेवायला येणाऱ्यांची संख्या किती झाली?’ २०१७ च्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी तो एका मावशींना विचारला. वय विचारल्यावर ‘पंच्याहत्तर धर’ असं त्यांनीच सांगितलं होतं. मांडीवरचं तांदळाचं सूप बाजूला ठेवून त्यांनी मलाच विचारलं, “संप संपला कवा?”

मी गडबडले. संप सुरू कधी झाला हे कोणीही सांगेल. १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्या दिवसापासून संपावर गेले. पण त्याचा शेवट सांगता येत नाही, कारण तो अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. काही कामगार वर्षभरात परतले, काहींना घेतलं गेलं नाही, काही गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. हे मला ठाऊक होतं. माझ्या संशोधन आराखड्याच्या दुसऱ्या पानावर मी ते लिहिलंही होतं. तरीही चाळीस प्रश्नांची यादी करताना त्यांतल्या सहा प्रश्नांची सुरुवात मी ‘संप संपल्यानंतर’ या शब्दांनी केली होती. टेबलाशी बसून प्रश्न लिहिताना काळाचे दोन तुकडे करणं सोयीचं पडतं.

मावशी पुढे म्हणाल्या, “तू सारकं संपाचंच इचारतीयास. आमी त्येच्या आदी बी रांधत हुतो, न् मागनं बी रांधत हुतो. संप गिरनीत झाला. चुलीला कुटला आलाय संप?”

त्या संध्याकाळी करी रोड स्टेशनच्या पुलावर उभी राहून मी प्रश्नावली पुन्हा वाचली. नोंदणी होऊन वर्ष झालं होतं, आराखडा समितीपुढे मंजूर झाला होता, आणि शीर्षकातच ‘१९८२ चा संप आणि खानावळींचा ऱ्हास’ असे शब्द होते. मावशींचं बरोबर असेल, तर माझं शीर्षकच चुकीचं होतं.

प्रबंध सादर होऊन आता तीन वर्षं झाली. नव्यानं नोंदणी केलेले विद्यार्थी अधूनमधून भेटायला येतात. विषय कुणाचा देवदासींचा असतो, कुणाचा ऊसतोडणीचा, कुणाचा तमाशाच्या फडांचा. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच असतो : ‘मॅडम, आराखडा बदलला तर चालतो का?’ या प्रश्नामागची भीती मला ओळखीची आहे. तिला उत्तर म्हणून माझ्या प्रबंधाची हकिगत सांगते. आणि त्यासोबत, त्या भीतीच्या काळात मला ज्यांनी धीर दिला अशा काही जुन्या संशोधकांचीही.

आराखड्यातली खानावळ

गिरणगावातली खानावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष बायका-मुलांना गावी ठेवून मुंबईत राहत. एका खोलीत गावची दहा-पंधरा माणसं असत. पाळी बदलली की झोपायची जागाही बदलायची. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्याच एखाद्या घरात होई. त्या घरची बाई स्वतःच्या कुटुंबाबरोबर आणखी दहा, पंधरा, वीस जणांचा स्वयंपाक करी. पैसे पगाराच्या दिवशी मिळत. तोवर वाण्याकडची उधारी, आणि ती थकली की सावकार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली ती या बायकांना सावकारातून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून देण्यासाठी. ज्या बाईचा धंदा कुठल्याच कागदावर नव्हता, तिला त्यामुळे पहिल्यांदाच एका कागदावर जागा मिळाली.

माझे आजोबा कराडजवळच्या एका गावातून येऊन परळला अशाच एका घरी बावीस वर्षं जेवले. गिरणीतल्या मुकादमाबद्दल ते क्वचितच बोलत. पण त्या घरच्या बाईंच्या हातच्या आमटीबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलत राहिले. माझा विषय तिथून आला.

विषय घरातून आला तरी आराखडा पुस्तकांतून आला. गिरणी कामगारांवर भक्कम इतिहासलेखन आहे. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईतल्या कामगारांचा इतिहास गिरणीच्या दरवाज्याबाहेर, मोहल्ल्यात आणि गावाशी असलेल्या नात्यात कसा घडत गेला हे दाखवलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभराहून अधिक लोकांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास उभा केला. या वाटेवरून जाताना मला एक सरळ रेषा दिसत होती : कामगार आले, खानावळी वाढल्या, संप झाला, कामगार गेले, खानावळी बंद पडल्या. साठ मुलाखती घ्यायच्या, चाळीस प्रश्न विचारायचे आणि ही रेषा पुराव्यानं पक्की करायची, असं ठरलं होतं.

समितीत एकानं विचारलं होतं, “मुलाखती साठच का?” मी आत्मविश्वासानं काहीतरी उत्तर दिलं. खरं कारण असं होतं, की पन्नास कमी वाटत होते आणि शंभर झेपणार नव्हते.

बोस्टनच्या कोपऱ्यावर

मावशींनी मला गप्प केलं त्यानंतरचे दोन महिने मी मुलाखती थांबवल्या. माझे मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून दिलं आणि म्हणाले, “आधी मागचं परिशिष्ट वाच. पुस्तक नंतर.”

पुस्तक होतं विल्यम फूट व्हाइट यांचं ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’, आणि परिशिष्ट त्यांनी १९५५ च्या आवृत्तीला जोडलेलं. व्हाइट मूळचे अर्थशास्त्राचे. १९३६ मध्ये त्यांना हार्वर्डची शिष्यवृत्ती मिळाली. तिची एक अट अशी होती, की त्या काळात पीएच.डी.साठी काम करता येणार नाही. बोस्टनच्या नॉर्थ एंड भागातल्या इटालियन वस्तीचा अभ्यास करायचं त्यांनी ठरवलं. तीच वस्ती का? तर झोपडपट्टी जशी असते असं त्यांच्या मनात होतं, तशी ती दिसत होती म्हणून. हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. पहिला आराखडा भव्य होता : वस्तीचा इतिहास, अर्थकारण, राजकारण, शिक्षण, आरोग्य आणि या सगळ्यासाठी दहाएक माणसांचा चमू. हार्वर्डच्या एल. जे. हेंडरसन यांनी त्याचा फुगा फोडला. ज्यानं अजून वस्तीत पाऊल ठेवलं नाही, त्यानं दहा जणांचं वेळापत्रक कशाला आखावं?

४ फेब्रुवारी १९३७ च्या संध्याकाळी व्हाइट यांची एका तरुणाशी गाठ पडली. पुस्तकात त्याचं नाव ‘डॉक’ आहे. त्याच्या ओळखीनं वस्तीची दारं उघडली. पुढे व्हाइट तिथल्याच एका खाणावळवाल्या इटालियन कुटुंबात राहायला गेले, भाषा शिकले. एकदा जुगाराच्या अड्ड्याबद्दल त्यांनी नको तो प्रश्न विचारला आणि मैफल थिजली. डॉकनं त्यांना समजावलं ते साधारण असं, की विचारत सुटलास तर लोक तोंड मिटतील; नुसता सोबत राहिलास तर न विचारता उत्तरं मिळतील. व्हाइट यांनी लिहिलं आहे, की पुढे त्यांना अशा प्रश्नांचीही उत्तरं मिळाली, जे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नसतं.

माझ्यासाठी त्या परिशिष्टातली सगळ्यात मोलाची गोष्ट एरवी क्षुल्लक वाटेल अशी आहे. टिपणं वाढत गेली तेव्हा ती लावायची कशी, असा प्रश्न व्हाइट यांच्यापुढे आला. एक पद्धत विषयवार होती : धर्म, कुटुंब, राजकारण, जुगार. दुसरी पद्धत माणसांच्या गटांनुसार : कोपऱ्यावरची ही टोळी, तो क्लब. आपल्याला वस्ती कळते आहे ती गटांमधून, हे ध्यानात आल्यावर त्यांनी गटवार फायली केल्या आणि त्याबरोबर प्रबंधाचं स्वरूपच बदललं. १९३८ च्या वसंतात त्यांच्या लक्षात आलं, की बोलिंगच्या खेळातले गुण आणि टोळीतली पत हातात हात घालून चालतात. म्हाताऱ्यांना पुढे महत्त्वाचं वाटेल असं काहीच शनिवारच्या त्या खेळात नव्हतं, आणि कुठल्याही आराखड्यात तो आला नसता.

साडेतीन वर्षांनी ते शिकागोला गेले. पुस्तक १९४३ मध्ये आलं आणि तेच डॉक्टरेटसाठी सादर झालं. तोंडी परीक्षेत लुई वर्थ यांनी त्यांना झोपडपट्टीची व्याख्या मागितली. तोवरचे अभ्यासक अशा वस्तीची ओळख तिच्या विस्कटलेपणावरून करून देत. व्हाइट यांनी तर ती किती घट्ट विणलेली आहे हेच दाखवलं होतं. व्याख्या मोडणारं काम घेऊन ते व्याख्येच्या मास्तरापुढे बसले होते. एव्हरेट ह्यूज यांनी त्यांची बाजू सावरून धरली आणि ते पार पडले.

हे वाचून मी माझ्या फायली काढल्या. त्या वर्षवार लावलेल्या होत्या : ‘१९७५ पूर्वी’, ‘१९७५ ते ८२’, ‘संप’, ‘संपानंतर’. मी त्या मोडल्या. मावशी आणि त्यांच्यासारख्या आणखी सहा जणी कशाकशाबद्दल आपणहून बोलल्या होत्या ते पाहत गेले आणि चार नवे पुठ्ठे केले : चूल, पंगत, उधारी, डबा. पुढे तीच माझ्या प्रबंधाची चार प्रकरणं झाली.

तेच टिपण, नवा चष्मा

व्हाइट यांनी आराखडा बदलला तो साहित्य गोळा करतानाच. पण सगळं साहित्य गोळा झाल्यावर, प्रबंध लिहून झाल्यावरही तो बदलावा लागू शकतो. त्याचं उदाहरण मुंबई विद्यापीठातच आहे.

एम. एन. श्रीनिवास यांनी गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली कूर्ग लोकांवर प्रबंध लिहिला आणि १९४४ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यात चालीरीती, विधी, गाणी, कुळं अशी भरगच्च माहिती होती. पुढच्या वर्षी ते ऑक्सफर्डला गेले तेव्हा त्यांच्या मनात वेगळाच विषय होता. तिथे ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी त्यांना पुन्हा कूर्गांकडेच वळवलं, पण वेगळ्या प्रश्नासह : हे विधी त्या समाजाला एकत्र कसे बांधतात? टिपणं तीच होती. मुंबईत ज्या गोष्टींची नोंद झाली होती, त्यांचा ऑक्सफर्डमध्ये परस्परसंबंध तपासला गेला. मध्येच रॅडक्लिफ-ब्राऊन निवृत्त झाले आणि इव्हान्स-प्रिचर्ड मार्गदर्शक झाले. १९४७ मध्ये श्रीनिवास यांना दुसरी डॉक्टरेट मिळाली. १९५२ मध्ये त्यातून आलेल्या पुस्तकानं समाजशास्त्राला ‘संस्कृतीकरण’ ही संकल्पना दिली.

याच श्रीनिवासांवर पुढे त्याहून कठोर प्रसंग आला. १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी केलेल्या कामाची संस्कारित टिपणं, तिन्ही प्रतींसह, २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्ड इथल्या जाळपोळीत नष्ट झाली. वर्षानुवर्षं मनात असलेलं पुस्तक त्यांनी सोडून दिलं आणि आठवणीतून दुसरंच लिहिलं. ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे त्याचं नाव. शीर्षकातच त्यांनी वाचकाला सांगून टाकलं, की हे कशावरून लिहिलं आहे. मला त्यांच्या लवचीकपणाइतकंच हे सांगणंही महत्त्वाचं वाटतं.

मावशींची वही

पंगतीबद्दल विचारायला मी पुन्हा लालबागला गेले तोवर दिवाळी येऊन गेली होती. या वेळी हातात प्रश्नावली नव्हती. मावशींबरोबर मी लसूण सोलत बसले. खानावळ कधी बंद झाली हे त्यांनी आपणहून सांगितलं : “संपातच. पंगत उठली ती उठलीच.” आणि मग ट्रंकेतून एक शाळेची वही काढून दाखवली. हिशेब त्यांच्या थोरल्या मुलानं लिहिलेले होते. शेवटची नोंद १९८७ च्या ऑगस्टमधली.

मी घाईनं निष्कर्ष काढला : स्मृती चुकते आहे, वही खरी आहे. टिपणात तसं लिहूनही टाकलं.

याच सुमारास मार्गदर्शकांनी आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचा निबंध हाती दिला. इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १७ मार्च १९४९ रोजी पोलिसांबरोबरच्या चकमकीत मारला गेला. निदर्शनं नाटो करारात सामील होण्याविरुद्ध होती. पण पोर्तेल्ली यांनी गावात ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा अनेक कामगारांनी तो मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. पोर्तेल्ली यांनी कागदपत्रांतून खरी तारीख पक्की केली, पण तिथे ते थांबले नाहीत. एवढ्या लोकांनी ती तारीख एकाच दिशेनं का हलवली, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. नोकऱ्या गेल्या तो गावाच्या आयुष्यातला खरा घाव होता. आपल्या माणसाचं मरण लोकांनी त्या घावाशेजारी नेऊन ठेवलं होतं.

मी परत मावशींकडे गेले. वही पुढे करून, आरोपाचा सूर न लावता विचारलं, “मावशी, हे ८७ चं काय?” त्या हसल्या. म्हणाल्या, ते डबे. संपात जेवणारी माणसं गावी गेली. मग वखारीतले हमाल, टेम्पोवाले, रखवालदार यांचे डबे त्या करून देऊ लागल्या. पोरगा पोचवायचा. काम तेवढंच होतं, कदाचित जास्तच. “पर ती खानावळ न्हवं पोरी. खानावळीत मानूस घरात येऊन जेवतंय. आमटी खारट झाली तर त्वांडावर सांगतंय. पोराला ताप आला तर डाक्टरकडं नेतंय. डब्यातनं निस्ता डबा परत येतोय.”

म्हणजे मावशींची तारीख चुकली नव्हती. त्या धंद्याची तारीख सांगत नव्हत्या, पंगतीची सांगत होत्या. वहीत धंद्याची तारीख होती. दोन्ही खऱ्या होत्या आणि माझ्या प्रबंधाला दोन्ही हव्या होत्या. ‘खानावळींचा ऱ्हास’ हे शब्द मी त्या रात्री खोडले. आता मी शोधत होते, की घरात येऊन जेवणारा माणूस आणि रांधणारी बाई यांच्यात कुठलं नातं होतं, आणि ते तुटल्यावर त्याच चुलीचं काय झालं.

शीर्षक बदलण्याचा अर्ज मंजूर व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत दर आठवड्याला वाटे, की जुनंच ठेवलं असतं तर एव्हाना दोन प्रकरणं लिहून झाली असती.

मुंबईहून गावाकडे

मार्च २०२० मध्ये सगळं बंद पडलं तेव्हा माझ्या एकोणीस मुलाखती झाल्या होत्या. ज्यांच्याशी बोलायचं त्या बायका सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या घरी जाण्याचा विचारही करता येत नव्हता. मी फोनवर बोलू लागले. फोनवर चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, चुलीचा धूर दिसत नाही. पण दुपारी घरचे झोपलेले असताना दोघी-तिघींनी सावकाराबद्दल आणि नवऱ्याच्या दारूबद्दल जे सांगितलं, ते समोरासमोर, सुनेच्या देखत, कधीच सांगितलं नव्हतं. त्या परत परत एकच विचारत : “हे नाव घालून छापणार न्हाईस ना?” मी नाही म्हणाले. म्हणूनच या लेखातही कुणाचं नाव नाही.

लालबागच्या मावशी टाळेबंदीत माण तालुक्यातल्या आपल्या गावी गेल्या त्या तिथेच राहिल्या. २०२१ च्या सुरुवातीला मी तिकडे गेले. आराखड्यात माझं क्षेत्र ‘लालबाग, परळ, वरळी’ असं लिहिलेलं होतं. माणदेशाचा त्यात उल्लेख नव्हता. पण गावात गेल्यावर कळलं, की माझ्या विषयाची अर्धी माणसं इथेच आहेत : खानावळीत जेवणारी. मी फक्त वाढणाऱ्या बायकांच्या मुलाखती ठरवल्या होत्या. जेवणाऱ्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं, आणि माझ्याच घरात एक जेवणारा होता.

पारावर भेटलेले एक आजोबा ऐंशीच्या घरातले. करी रोडला एका घरी सोळा वर्षं जेवले. १९८२ च्या उन्हाळ्यात ‘पंधरा दिवसांत येतो’ सांगून गावी आले ते परत गेलेच नाहीत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “वैनींचं दोन म्हैन्याचं पैसं ऱ्हायल्यात. त्येंचा पत्ता हाय का तुमच्याकडं?” माझ्याकडे तो नव्हता. ते घर पुनर्विकासात पडलं होतं.

उधारीचं प्रकरण मी तोवर वाण्याच्या आणि सावकाराच्या बाजूनं लिहिलं होतं. मुंबईतल्या बायकांनी ‘पैसे बुडवून गेले’ असं सांगितलं होतं. काहींनी तर तसं म्हणायलाही नकार दिला होता, ‘त्येंचंच हाल हुतं’ एवढंच म्हणून. आता तेच पैसे दुसऱ्या टोकाला चाळीस वर्षं कुणाच्या तरी मनावर बसलेले मला दिसले. मी त्या प्रकरणाची पन्नास पानं बाजूला काढली आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. मुदतीची दीड वर्षं उरली होती. घरी कोणाला हे पटलं नाही. मलाही रोज पटत होतं असं नाही.

वाकवायचं काय आणि किती

यावरून कुणाला वाटेल, की गुणात्मक संशोधनात काहीही केलं तरी चालतं. तसं नाही. व्हाइट यांच्याच परिशिष्टात एक कबुली आहे. वस्तीतल्या मित्रांच्या आग्रहाला बळी पडून एका निवडणुकीत त्यांनी एकापेक्षा अधिक वेळा मतदान केलं. लोकांमध्ये मिसळायचं म्हणून आपण आपल्याच मर्यादा ओलांडल्या, आणि वस्तीत स्वीकारलं जाण्यासाठी त्याची गरजही नव्हती, हे त्यांनी मागाहून लिहिलं.

माझीही एक चूक सांगते. पहिल्या अकरा मुलाखती उतरवताना मी मावशींची भाषा ‘शुद्ध’ केली. ‘हुतो’चं ‘होतो’ झालं, ‘वैनी’च्या जागी ‘वहिनी’ आल्या. वाचायला सोपं जावं हा हेतू. पुढे लक्षात आलं, की शब्दांबरोबर अर्थही घासला गेला आहे. ‘पंगत उठली’ हे मी एका ठिकाणी ‘खानावळ बंद पडली’ असं लिहून बसले होते, आणि स्मृती-वहीचा सारा घोळ त्यातून आणखी वाढला होता. अकराही ध्वनिफिती पुन्हा ऐकून पहिल्यापासून उतरवल्या. तीन महिने गेले. प्रश्न, क्षेत्र, संख्या, प्रकरणं हे सगळं बदलता येतं. माणूस जे बोलला ते बदलता येत नाही, आणि त्याला दिलेला शब्दही नाही.

बार्नी ग्लेसर आणि अँसेल्म स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पुढची मुलाखत कुणाची घ्यायची हे आधीच्या मुलाखतींतून काय निघालं त्यावर ठरतं. वाढणाऱ्यांकडून जेवणाऱ्यांकडे मी गेले ते त्याच न्यायानं, जरी तेव्हा मला फक्त वाट चुकल्यासारखं वाटत होतं. पुढे लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये आग्रह धरला, की संशोधकानं आपल्या निर्णयांचा माग मागे ठेवावा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो तपासता येईल. मी हे अगदी साध्या रीतीनं केलं. एक दोनशेपानी वही घेतली. प्रत्येक बदलाची तारीख, आधी काय होतं, आता काय, आणि कारण. पाच वर्षांत सतरा नोंदी झाल्या.

तोंडी परीक्षा

मौखिकीला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आराखड्यात साठ मुलाखती. प्रबंधात चौतीस. त्यांतही अकरा जेवणाऱ्यांच्या. हे कसं काय?”

मी वही पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे सगळी वाचली. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, “नोंदी चांगल्या ठेवल्या आहेत. आता हे सांगा, यांतले कोणते बदल विषयाची गरज म्हणून झाले आणि कोणते तुमच्या सोयीसाठी?”

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही विचारला नव्हता. थोडा वेळ घेऊन मी सांगितलं, की दोन सोयीसाठी झाले. वरळीच्या बीडीडी चाळी मी सोडल्या, कारण तिथे माझी ओळख नव्हती आणि ती करून घ्यायचा उत्साह उरला नव्हता. आणि प्रवास सुरू झाल्यावरही तीन मुलाखती फोनवर घेतल्या, कारण मी थकले होते. वहीत मात्र दोन्ही ठिकाणी मी भारदस्त कारणं लिहिली होती.

“मग तेच लिहा,” ते म्हणाले. पदवी मिळण्यापूर्वी प्रबंधाला एक पान जोडलं गेलं. वरळीत काय मिळालं असतं हे मला ठाऊक नाही, आणि माझा प्रबंध वरळीबद्दल काही सांगत नाही, एवढंच त्या पानावर आहे. त्या पानाची लाज आता वाटत नाही.

म्हणून विद्यार्थी विचारतात, ‘आराखडा बदलला तर चालतो का?’, तेव्हा मी परीक्षकांचा तो प्रश्न त्यांच्याकडे पुढे सरकवते. बदल कशासाठी करतो आहोत, याचं खरं उत्तर त्याच दिवशी, वहीत, तारखेसह लिहायचं. विषयानं हलवलं असेल तर हलायचं. आपण थकलो म्हणून हललो असू, तर तेही लिहायचं. थकण्यात गुन्हा नाही.

प्रबंध बांधून आल्यावर एक प्रत घेऊन मी माणला गेले. मावशींची दृष्टी तोवर अधू झाली होती. नातवानं त्यांना अनुक्रमणिका वाचून दाखवली : चूल, पंगत, उधारी, डबा. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “संपाचं कुटं हाय मग?”

मी म्हणाले, “सगळीकडंच हाय मावशी.”

“तसंच हुतं,” त्या म्हणाल्या, आणि जेवून जायला सांगून आत सुनेला हाक मारली.